जुन्या मोटारीचा जमाखर्च

श्रावण सरत आला, लालबाग-परळच्या नाक्यांवर मंडपांचे बांबू उभे राहू लागले आणि चाकरमान्यांच्या घरोघरी कोकणात जाण्याचे बेत ठरू लागले, की या भागातील गल्लीबोळांतल्या गॅरेजांत दरवर्षी एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत विचारला जातो : “मिस्त्री, गाडी गावाला जाईल ना?” विचारणाऱ्याची गाडी बहुधा बारा-पंधरा वर्षांची आणि दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली असते, क्लच घसरत असतो, सकाळी पहिल्या स्टार्टला मागून निळसर धूर निघतो, आणि मागच्या सीटवर म्हातारी आई बसलेली असताना कशेडीच्या चढावर, भर पावसात, गाडी थांबली तर करायचे काय, ही विवंचना मालकाच्या मनात घर करून बसलेली असते. मिस्त्री बॉनेट उघडतो, खाली वाकतो, काही वेळ बोलत नाही आणि मग जो आकडा सांगतो तो ऐकून मूळ प्रश्न मागे पडून दुसराच पुढे येतो. एवढा पैसा या गाडीत घालायचा, की गणपती कसेबसे पार पाडून दसऱ्याला नवी आणायची?

गिरगावात किंवा दादरला ज्या पिढीने पहिल्याने मोटार घेतली, तिच्यापुढे हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर पदरात पडत असे. सबब हातातली गाडी कितीही कुरकुरली तरी तिला सांभाळणे एवढाच मार्ग उरे. या सक्तीच्या निष्ठेला एक गोष्ट मात्र मोठी अनुकूल होती. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेली ही गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, नंतर पद्मिनी झाली, नावे पालटली; पण मूळ बांधणी शतक संपेपर्यंत फारशी पालटली नाही. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसे, प्रत्येक मिस्त्रीला तिचे अंतरंग तोंडपाठ असे, आणि परळ-भायखळ्याच्या लेथवाल्यांकडे गिरणीच्या यंत्राचा भाग कातून देणारेच हात फियाटच्या इंजिनाचे बोअरही वाढवून देत. जुन्या मोटारीच्या दीर्घायुष्याचे श्रेय आपण तिच्या ‘मजबूत पत्र्या’ला देतो, ते खरे पाहता या न बदलणाऱ्या आराखड्याला आणि त्यामुळे सुलभ झालेल्या दुरुस्तीला द्यावयास हवे.

टॅक्सीपुरता हा निवाडा सरकारनेच करून टाकला. मुंबईतील टॅक्सीसाठी 2008 मध्ये पंचवीस आणि 2013 मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या हिशेबाने 30 ऑक्टोबर 2023 पासून सेवेतून बाद झाली. (त्याच्या सहाच आठवडे आधी, 15 सप्टेंबरला, बेस्टची शेवटची डिझेलची दुमजली बस धावली होती, वृत्तपत्रांना त्या शरदात स्मरणरंजनाचा सुकाळ झाला.) वयावरून निर्णय करणे हे ढोबळ खरे. वीस वर्षांची एखादी टॅक्सी बारा वर्षांच्या दुसरीपेक्षा ठणठणीत असू शकते. परंतु सरकारी दप्तराला प्रत्येक गाडीखाली वाकून पाहणे शक्य नसते, आणि मुंबईच्या हवेविषयी 1999 मध्ये उच्च न्यायालयात आलेल्या जनहित याचिकेपासून टॅक्सीच्या धुराचा मामला इतका गाजला होता की कोठेतरी एक रेघ ओढणे प्राप्तच होते.

खाजगी गाडीच्या मालकावर असे फर्मान नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जशी बंदी आली, तशी मुंबईत नाही. येथे नोंदणीची पहिली मुदत पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी दाखला वाढवून मिळतो. सरकार बंदी घालीत नाही, पण खर्च वाढवीत नेते : या नूतनीकरणाचे मोटारीपुरते शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपयांवर गेले, आणि पंधरा वर्षांवरील खाजगी गाड्यांना राज्याचा पर्यावरण कर 2010 च्या कायद्यापासून लागू आहे. हे आकडे जाचक वाटले तरी पाच वर्षांवर वाटून पाहिले असता निर्णय फिरविण्याइतके मोठे नाहीत. गाडी ठेवावी की काढावी हे ठरविण्याचा भार शेवटी मालकावरच राहतो, आणि येथेच बहुतेक माणसे चुकीच्या साक्षीदाराला साक्षीस बोलावतात.

तो साक्षीदार म्हणजे किलोमीटरचा मीटर. दोन लाख हा आकडा पाहून मन कचरते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चौथ्या-पाचव्या गियरात एका लयीत कापलेले शंभर किलोमीटर आणि भारतमातेपासून दादर टीटीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गियरात रोज सरपटत मिळून झालेले शंभर किलोमीटर, यांत इंजिनाच्या आणि क्लचच्या दृष्टीने महदंतर आहे. सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन चालूच असते, मीटर मात्र थांबलेला असतो. याच्या उलट, गिरगावातील कित्येक गाड्या आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जाऊन येतात; त्यांचा मीटर पन्नास हजारही दाखवीत नाही, पण लहान फेरीत इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये साठलेला ओलावा उडून जात नाही, बॅटरी भरत नाही, आणि चौपाटीवरून येणारी खारी हवा रात्रंदिवस उघड्यावर उभ्या असलेल्या पत्र्याला खात राहते. माझे तर असे मत झाले आहे की या बेटावरच्या मोटारी धावून कमी आणि उभ्या राहूनच अधिक मरतात; इंजिन बहुधा सर्वांत शेवटी जाते.

म्हणून जाणता मिस्त्री मीटरकडे पाहत नाही. प्रथम तो ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आणि तिच्याखालचे कार्पेट उचलतो, ओल आहे का ते बोटांनी चाचपतो, आणि पान्याच्या किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दरवाजाच्या खालच्या पट्टीवर ठोकत जातो. पत्रा घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो. आतून सडला असेल तर बद्द आवाज येऊन तपकिरी पोपडे खाली गळू लागतात. मग गाडी जॅकवर चढवून तो पुढचे सस्पेन्शन जेथे बॉडीला जोडलेले असते त्या जागा आणि मागचा आडवा भाग पाहतो. गंज दरवाजाच्या कडेला किंवा मडगार्डला असेल तर ते डेंटिंग-पेंटिंगचे काम, कुरूप पण निरुपद्रवी; मात्र ज्या भागावर साऱ्या गाडीचा भार तोललेला आहे तो भाग सडला असेल, तर त्यावर वेल्डिंगचे ठिगळ मारणारा कारागीर हवा तेव्हा मिळतो, परंतु त्या ठिगळाच्या भरवशावर कुटुंब बसवून घाट चढू नये. आजच्या मोटारींना बसला असतो तसा वेगळा सांगाडा नसतो. बॉडी हाच सांगाडा असतो, आणि इंजिन, गियरबॉक्स, सस्पेन्शन हे सारे बदलता येते तरी बॉडी बदलणे म्हणजे गाडीच बदलणे होय.

इंजिनाची परीक्षा त्यानंतर. ते चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढले असता आतून भकाभका वाफ येऊ लागली, तर मिस्त्री म्हणतो, “बॅक कॉम्प्रेशन आहे”. पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा दाब खाली उतरू लागल्याचे ते लक्षण. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर रेडिएटरचे पाणी आत शिरत आहे असे समजावे. अशा वेळी ऑइलची पट्टी बाहेर काढून पाहिली की तिला दुधाळ चहासारखा रंग आलेला दिसतो. यांपैकी नुसते हेडचे गॅसकेट गेले असेल तर हेड उतरवून, लेथवर फेसिंग करून, नवे गॅसकेट घालून काम भागते. रिंगा आणि बोअर गेले असतील तर काम मोठे. पण एवढे काम एकदा नीट झाले, की पुढची काही वर्षे निर्धास्त जातात, हेही तितकेच खरे. क्लच प्लेट, शॉकॲब्सॉर्बर, बुश, ब्रेकचे लायनर, टायर, बॅटरी ही तर झिजण्यासाठीच घडविलेली द्रव्ये आहेत. ती झिजली म्हणून गाडी म्हातारी झाली असे मानणारा मनुष्य केस कापावयाचे झाले म्हणून मृत्युपत्र करावयास बसेल.

पाण्याचा विचार मात्र निराळा करावयास हवा, कारण परळ-दादरच्या गाड्यांची कुंडली येथे पावसानेच लिहिलेली असते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम 73 मिलिमीटरची नोंद झाली. एकाच शहरात, एकाच वयाच्या दोन गाड्यांचे भवितव्य त्या दिवशी केवळ पत्त्यावरून ठरले. हिंदमाताला तर एरवीच्या जोरदार सरीतही पाणी भरत आले आहे. पालिकेने अलीकडे आसपासच्या मैदानांखाली टाक्या बांधून ते साठविण्याची तजवीज केली असली, तरी जुन्या गाडीने पूर्वी घेतलेले पाणी त्या टाक्या परत घेऊ शकत नाहीत. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा किल्ली मारणे हा सर्वांत मोठा अपराध. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये ते शिरलेले असताना पिस्टन वर आला की मधला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत भागणारे काम लाखाच्या घरात जाते. साध्या विमापत्रात असा परिणामी बिघाड बहुधा भरून मिळत नाही. इंजिनाचे वेगळे कवच घ्यावे लागते, आणि जुन्या गाडीला ते देण्यास विमा कंपन्या सहसा राजी नसतात. ज्या गाडीच्या सीटपर्यंत एकदा पाणी चढून गेले आहे, तिच्या वायरिंगमध्ये पुढे वर्षभर आज हा दिवा तर उद्या तो सेन्सर अशा ज्या व्याधी निघतात, त्यांचा अंत लागत नाही. तिच्या बाबतीत काढून टाकण्याकडे माझा कौल राहील.

आता हिशेब. लोकांत एक ठोकताळा रूढ आहे की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला म्हणजे गाडी विकावी. विमा कंपन्यांचाही असाच एक नियम आहे : दुरुस्ती विमित मूल्याच्या पाऊणपटीच्या पलीकडे गेली की त्या गाडी पूर्ण नष्ट झाल्याचे धरून पैसे मोकळे करतात, शिवाय दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापून घेतात, म्हणजे अपघातानंतर अर्धा भार मालकानेच सोसावयाचा. कंपनीच्या दृष्टीने हे रास्त आहे, कारण तिला दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे नसते. मालकाला असते. लाख रुपये किमतीच्या गाडीवर साठ हजार खर्च करणे मूर्खपणाचे आहे की नाही, हे त्या गाडीच्या किमतीवरून ठरत नाही. ते साठ हजार वाचवून तो जी दुसरी व्यवस्था करणार, तिच्या खर्चावरून ठरते.

ती व्यवस्था आकड्यांत मांडून पाहू. नऊ लाखांची पेट्रोलची नवी गाडी घेतली, तर महाराष्ट्रात तिच्यावर अकरा टक्क्यांनी 99 हजार रुपये एकरकमी मोटार वाहन कर प्रथमच द्यावा लागतो. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या कोष्टकाप्रमाणे पाच वर्षांत गाडीचे मूल्य निम्म्यावर येते; बाजारभाव थोडा इकडेतिकडे होईल, पण स्थूलमानाने वर्षाकाठी 90 हजार रुपये नुसते उभ्या उभ्या विरघळतात. सात लाख रुपये नऊ टक्क्यांच्या कर्जाने पाच वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास जातो आणि व्याजच एकंदर पावणेदोन लाखांच्या जवळ, म्हणजे वर्षाला सुमारे 34 हजार होते. घसारा आणि व्याज मिळून वर्षाला सव्वा लाख झाले. कर, चढा विमा आणि नव्या गाडीवर शेजाऱ्याच्या स्कूटरने पहिला ओरखडा काढला म्हणजे होणारा मनस्ताप अलाहिदा. आता मिस्त्रीला विचारावे की सव्वा लाखात या जुन्या गाडीचे दरसाल काय काय होईल. ज्या गाडीची बॉडी घट्ट आहे तिच्या बाबतीत तो बहुधा हसेल, कारण एवढे काम एका वर्षात काढूनही निघणार नाही. आणि मागील वर्षी आपण तिच्यावर जो खर्च केला, तो या हिशेबात मुळीच धरू नये. “एवढे पैसे घातले, आता कशी काढू?” असे म्हणणारा आणि “एवढे पैसे खाल्ले, आता पुरे” असे म्हणणारा, दोघेही गेलेल्या पैशाशी भांडत असतात, प्रश्न फक्त येणाऱ्या दोन-तीन वर्षांचा आहे.

दुरुस्तीच्या बाजूने एवढे बोलल्यावर तिच्या विरुद्धचा पुरावाही मांडावयास हवा, आणि तो लालबाग-परळइतका दुसरीकडे कोठे मिळणार? गिरणगावातील कित्येक गिरण्यांतून जुनी यंत्रे डागडुजीवर चालविली गेली आणि नूतनीकरणासाठी जो पैसा बाजूस टाकावयास हवा होता तो अन्यत्र वळला; 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा अनेक ठिकाणचे माग आधीच कालबाह्य झालेले होते. संपाची कारणे निराळी आणि गिरण्यांच्या अंताचा दोष एकट्या यंत्रांवर लादणे अन्यायाचे होईल. तथापि दुरुस्ती करून करून यंत्र चालवावे आणि घसाऱ्याचा पैसा मात्र खाऊन टाकावा, ही रीत कोणत्या वळणाला नेते हे त्या चिमण्यांच्या छायेत राहिलेल्यांना सांगावयास नको. मोटारीच्या मालकाला त्यातून एक साधी सोय करता येते : दुरुस्ती निवडली की नव्या गाडीचा जो हप्ता वाचला, त्यातला निदान अर्धा दरमहा बँकेत टाकावा. मग जेव्हा खरोखरच गाडी काढण्याची पाळी येईल, तेव्हा कर्ज लहान लागेल आणि मिस्त्रीपुढे घासाघीस करण्याची लाचारीही येणार नाही.

सुट्या भागांचा प्रश्न मॉडेलवर अवलंबून आहे. ऑपेरा हाऊसच्या परिसरातील स्पेअर पार्टवाले आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे भंगारवाले यांच्याकडे नेहमीच्या खपाच्या मारुतीचा बहुतेक माल मिळतो, ओरिजिनलही आणि त्याच्या हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेटही. ब्रेक आणि स्टेअरिंग यांपुरता तरी डुप्लिकेट माल घेऊ नये. परंतु जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतातली विक्री थांबविली आणि फोर्डने 2021 मध्ये येथील उत्पादन आवरते घेतले. अशा गाड्यांचे यांत्रिक भाग काही काळ मिळत राहिले तरी त्यांचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर गेला, की मालकाला गावोगाव फोन करीत बसावे लागते. दुरुस्तीस चार दिवस लागणे आणि भागासाठी गाडी सहा आठवडे गॅरेजबाहेर उभी राहणे, या दोन गोष्टी जमाखर्चात एकाच रकान्यात बसत नाहीत.

आणखी दोन गोष्टी पैशात मोजता येत नाहीत. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना ब्रेक न अडकू देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या कित्येक स्वस्त मॉडेलांत या दोन्ही नव्हत्या, आणि कितीही मोठे काम काढले तरी त्या मागाहून बसविता येत नाहीत. गाडी फक्त दादरच्या भाजीबाजारापर्यंत जात असेल तर हा मुद्दा गौण; दर महिन्याला कुटुंबासह महामार्गावर जात असेल तर माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक, आणि येथे सव्वा लाखांचा सारा हिशेब बाजूस ठेवावा. दुसरी गोष्ट पेट्रोलची. त्यात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि त्यासाठी न घडविलेल्या जुन्या गाड्यांचे इंधनाचे रबरी पाइप व वायसर लवकर खराब होऊ शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते पाहावयास मिस्त्रीला आवर्जून सांगावे. इंजिनाखाली पेट्रोलचा वास येऊ लागला तर गाडी चालवूच नये.

इतके करून गाडी काढावयाची ठरलीच, तर ती रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली सोडून देऊ नये. तशी बेवारस वाहने पालिका उचलून नेते, पण नोंदणीवर नाव मालकाचेच राहते. विकावयाची असल्यास नमुना 29 आणि 30 भरून मालकी बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात झाल्याखेरीज किल्ली हातावेगळी करू नये, कारण अपघाताच्या दाव्यात नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. दलालाच्या “नाव नंतर चढवतो, साहेब” या शब्दाला तेथे किंमत नाही. मोडीत द्यावयाची असल्यास ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. तेथून जो जमा-दाखला मिळतो त्यावर नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्रीय नियमांनी राज्यांना दिली आहे. आपल्या राज्यात त्या वेळी किती लागू आहे ते ताडदेवला विचारून घ्यावे आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागदही तेथूनच पदरात पाडून घ्यावा. फास्टॅग बंद करावा. आणि विमा कंपनीकडून ‘नो क्लेम बोनस’चे पत्र अवश्य मागून घ्यावे : ती सवलत गाडीची नसून मालकाची असते, सलग पाच वर्षे दावा केलेला नसेल तर ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीच्या विम्यात वळती करून मिळते.